आप्पाराव हवालदाराचं मधलं लेकरू

पेडगावचा आप्पाराव हवालदार वीस वर्षं फौजेत होता. पेन्शनीत आल्यावरबी म्हशीला पाणी पाजायला निघाला तर पावलं डावी-उजवीच पडायची. असल्या माणसाला दरदरून घाम फुटला तो परभणीत, सैनिकांच्या ऑफिसात, पंख्याखाली.

फौजीच्या लेकरांना शिकायला मदत मिळते, हे त्याला ठाऊक होतं. पण थोरला परमेश्वर नववीतच शाळेला रामराम ठोकून ट्रॅक्टरवर बसला, तवा अर्जाचं काम पडलं न्हाई. आता धाकट्या ऋतिकाचा कॉलेजात नंबर लागला होता. ही मदत मिळाली तरच होस्टेल, न्हाईतर घर. अर्जाची मुदत आठ दिसांवर.

टेबलामागच्या नागनाथरावांनी फौजेकडून आलेला कागद वाचला. "हवालदारसायब, मदत पहिल्या दोन लेकरांना. तुमची पोरगी तिसरी हाय."

"मला दोनच हायती."

"परमेश्वर, बजरंग, ऋतिका. मोजा की."

आप्पारावनं रुमाल काढला. संगं आलेली ऋतिका बापाकडं टकामका बघायली. "आबा, दुसरं बिऱ्हाड हाय का कुठं?"

"पोरीला बाहेर बसवू का?" नागनाथरावांनी हळूच इचारलं.

"बैल हाय तो," आप्पाराव पुटपुटला.

ऋतिका व्हायच्या आधीची गोष्ट. आप्पाराव सरहद्दीवर होता. घरून बायकोचा, सुमनबाईचा फोन आला. बजरंगानं चार दिस तोंडात काडी घेतली न्हाई, निस्ता दाराकडं बघायलाय. सोनपेठच्या बाजारातून पारखून आणलेला बैल, आप्पारावच्याच हातानं पेंड खाणारा. आप्पाराव सायबापुढं ताठ उभा ऱ्हायला. "साब, बजरंग ने खाना छोड दिया."

"बेटा है?"

आता बैलाला लेकरू न म्हणणारा माणूस पेडगावात अजून जन्मायचाय. "जी साब." वीस दिसांची सुट्टी मिळाली. कारकून लय कामसू, त्यानं पोराचं नाव लगोलग कागदावर चढवलं.

"मग बैल असल्याचा पुरावा आणा," नागनाथराव म्हणले.

बजरंग मरून जमाना झालेला. ग्रामसेवकाला मृत्यूचा दाखला मागितला, तर तो म्हणला आधी जन्माची नोंद दाखवा. जनावराच्या डॉक्टरानं मेलेल्याला तपासायला नकार दिला. शेवटी सुमनबाईनं ट्रंकेच्या तळातून बाजाराची पावती काढली. रंग तांबडा, दात चार, शिंगं मागं वळलेली.

"वर्णन पक्कं हाय," नागनाथराव म्हणले. "पण फौजेला खोटं सांगितल्याचं तुमच्या हातानं लिवून द्या."

आप्पाराव अडला. "वीस वर्षांत माझ्या नावाला लाल शाईचा ठिपका न्हाई."

"ऱ्हाऊ द्या आबा," ऋतिका म्हणली. "तुमची इज्जत ऱ्हाईल, बजरंग होस्टेलात ऱ्हाईल, आन मी घरी शेण काढीन."

आप्पारावनं मुकाट पेन घेतला. 'बजरंग हा माझा मुलगा नसून बैल होता. सुट्टीत मी त्याला पेंड चारली. सजा द्यावी.' नागनाथरावांनी तो कागद जोडून मुदतीत अर्ज धाडला.

तीन आठवडे आप्पाराव सजेची वाट बघत ऱ्हायला. उत्तर आलं. सजा काहीच न्हाई. बजरंगाचं नाव कमी केलं, ऋतिका दुसरी, मदत मंजूर. खाली एक ओळ होती. उरलेली दोन्ही अपत्ये मनुष्य असल्याचा सरपंचाचा दाखला जोडावा.

"ऋतिकाचा तर सरपंच डोळे झाकून दील," सुमनबाई म्हणली. "परमेश्वरला आंघोळ घालून न्या."