माचाला ऊन दाखवलं

बुलढाण्यात आमची चार घरांची मिळून एक गच्ची आहे. उन्हाळ्यात तिच्यावर वाळवण कमी आणि किस्से जास्त पसरलेले असतात. पापड निदान संध्याकाळी डब्यात तरी जातात. किश्श्यांना डबा कुठून आणायचा? आणि त्या हिरव्या चहाचे किस्से तर ठेवायला कोठीच लागेल!

सुनंदाताईंची प्राची जपानला नोकरीला गेली. जाताना ताईंनी घरमालकिणीसाठी घरच्या कुरडयांचा डबा दिला. घरमालकीण म्हणजे एकटी राहणारी एक आजी. पुढे प्राची तापाने आडवी झाली, तेव्हा त्या आजीने उशाशी बसून तिला पेज पाजली. ताईंनी ते फोनवर ऐकलं आणि ढसाढसा रडल्या.

मग आजीकडून आम्हा चौघींना एकेक छोटा डबा आला. आत हिरवीगार पूड. माचा, म्हणजे जपानचा हिरवा चहा! प्राचीने फोनवर बजावलं, "झाकण घट्ट लावा. उजेड नको, उष्णता नको, कशाचा वास लागू देऊ नका. फ्रिजमधून काढला की लगेच उघडू नका, आधी बाहेर ठेवून गारवा जाऊ द्या. आणि लवकर संपवा."

बाकी सगळं ठीक होतं, पण शेवटच्या वाक्याने आम्हाला धक्काच बसला. सुनंदाताई म्हणाल्या, "जपानची वस्तू लवकर संपवाची? मंग पाव्हणे आल्यावर काय दाखवाचं?"

\* \* \*

रेखा शाळेत शिकवते. तिने पूड काचेच्या बरणीत भरली आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, बल्बच्या खाली ठेवली.

"अवं, उजेड नको म्हणे ना!" मी ओरडले.

"मंग लोकायले दिसन कशी?"

लोकांना दिसली, अगदी छान दिसली. उन्हाळा लागेपर्यंत ती खाकी झाली होती. एका पालकाने विचारलं, "मॅडम, हे धनेपूड हाय का?" रेखा "हाव" म्हणाली आणि आत निघून गेली!

\* \* \*

शकूमावशीने मात्र शिस्तीत फ्रिजमध्ये ठेवली. फक्त झाकण थोडं सैल ठेवलं, पुडीला हवा लागावी म्हणून. शेजारी लसणाच्या ठेच्याची वाटी, तीही उघडीच.

महिन्याभराने तिने काकांना चहा करून दिला. काका कडू काढाही हूं की चूं न करता पितात. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, "चांगला हाय. मीठ कमी पडलं!"

\* \* \*

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. आमच्या यजमानांनी पुडीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. रोज सकाळी फ्रिज उघडायचा, थंडगार डबा काढायचा, झाकण उघडून आत नाक घालायचं.

"काय करून राह्यले?" मी विचारलं.

"ताजी हाय का नाई, पाहून राह्यलो."

थंड डब्यात रोज बाहेरची दमट हवा जाऊन पुडीचे खडे झाले, तेही मुरमासारखे! मी कपाळाला हात लावला. हे शांतपणे म्हणाले, "पण पाह्य, वास अजून ताजाच हाय."

\* \* \*

अशात प्राचीचा फोन आला. ती आजीला घेऊन येत होती. आधी लोणारचं सरोवर, मग आमच्याकडे मुक्काम!

आम्ही तिघी घाबरलो. त्या बाईला तिचाच चहा खाकी, लसणाचा की मुरमाचा पाजायचा? पण सुनंदाताई निवांत होत्या. त्यांनी डबा उघडलाच नव्हता. गव्हाच्या कोठीत, अंधारात, खाली दडवून ठेवला होता. आमच्या जिवात जीव आला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि हातातली बादलीच सुटली. मिरच्या आणि तुरीच्या डाळीच्या मधोमध, पांढऱ्या सुती लुगड्यावर, भर मे महिन्याच्या उन्हात माचा पसरलेला!

"ताई! हे काय केलं?"

"ऊन दाखवलं," ताई म्हणाल्या. "पाव्हणीच्या कपात कीड निंघाली तं?"

सकाळी पसरलेली हिरवी पूड दुपारी भुशाच्या रंगाची झाली होती. मी प्राचीच्या शब्दांची आठवण करून दिली. उजेड नको, उष्णता नको. ताई तिथेच, तापल्या गच्चीवर खाली बसल्या.

"माह्या पोरीले जिनं हातानं पेज पाजली," त्या म्हणाल्या, "तिले मी आता काय पाजू वं?"

दोघींनी मिळून पूड गोळा केली.

\* \* \*

आजी आली. एवढीशी, पांढऱ्या केसांची. आल्या आल्या ताईंच्या घरातल्या बुद्धमूर्तीपुढे वाकली. मग ताईंनी त्याच पुडीचा चहा पुढे केला. रंग पाहून प्राचीचा चेहराच उतरला.

आजीने कपात बराच वेळ पाहिलं. मग सगळा प्यायली, तळापर्यंत. जपानीत काहीतरी बोलली.

प्राचीने सांगितलं, "म्हणतात, असा चहा आयुष्यात पिला नाही."

"हे चांगलं का वाईट?" रेखा माझ्या कानात कुजबुजली. ताईंची मान खालीच होती.

आजीने पिशवीतून मोबाइल काढला आणि ताईंना एक फोटो दाखवला. तिच्या झोपायच्या खोलीतली खिडकी, खिडकीत एक सुंदर काचेचं भांडं, आणि भांड्यात एकावर एक, अगदी निगुतीने रचलेल्या ताईंच्या कुरडया!

"अवं माय!" शकूमावशीने तोंडावर हात ठेवला.

आजी हळू आवाजात, जरा अपराधी चेहऱ्याने बोलत होती. प्राची लालबुंद झाली होती.

"आई, मला तेव्हा भाषा येत नव्हती गं, मी डबा नुसता हातात दिला होता... आजी म्हणतात, तुम्ही पाठवलेली पांढरी फुलं अजून कोमेजली नाहीत. त्या रोज त्यांना नमस्कार करतात. पण पाणी घालायचं राहूनच गेलं, माफ करा म्हणतात."

सुनंदाताईंनी मान वर केली. आजीकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन कढईत तेल ओतलं.