शेड ते नळ, रिव्हर्समध्ये

सहा वर्षं मी आमची गाडी चालवली आणि त्या सहा वर्षांत एकदाही पुढे गेले नाही.

यात कोडं काही नाही. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो. आमच्या बोळाच्या आतल्या टोकाला पत्र्याची शेड, तिथे गाडी. बोळाच्या तोंडाशी नळ. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, आणि गाडी मध्ये घातली की दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरायची. आत जाताना गाडी सरळ जाई, पण वळवायला जागा नाही, म्हणून बाहेर काढायची ती मागे मागेच. ह्यांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात मागे घेताना भिंतीला घासली. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. दर रविवारी पहाटे नळाला पाणी आलं की मी शेडमधून गाडी मागे आणायची. हे नळाशी बादली घेऊन उभे, एक हात वर, आणि तोंडानं "येऊ द्या, येऊ द्या" चालू. एरवी मला "अगं" म्हणणारा माणूस, पण गाडी मागे येताना मला अहो-जाहो करायचा. ही भाषा त्यांनी ट्रकच्या क्लीनरकडून उचलली असावी. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभरावर थांबली की "बस्स" म्हणायचे, आणि मी खाली उतरायची. कुठे बाहेरगावी जायचं असलं तरी हेच. नळापर्यंत मी, नळाच्या पुढे ते.

आता मला गाडी येत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. माझं माहेर सायखेड्याचं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावातली एक मोडकी जीप घेतली होती आणि मळ्यातल्या ढेकळांवरून मला ती चालवायला शिकवली होती. लग्नाआधी मी तीत भाजीच्या पाट्या भरून बाजारात न्यायची. रीतसर लायसन होतं माझं. लोक दादांना म्हणायचे, पोरीला हे काय शिकवता, दादा म्हणायचे, "तुमाला जमत नाय म्हनून बोलताय."

पुढे जीप गेली, माझं लग्न झालं, आणि दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जात. मी माहेरी गेले की मात्र एकच धोशा लावायचे. "जावयाची गाडी लय चकाचक हाय म्हनं. पन मी तीत बसंल ते तू चालवशील तवाच. माझं दिसनं बंद व्हायच्या आत ये, पोरी." दर खेपेला मी हो म्हणायची आणि दर खेपेला ह्यांच्या शेजारी, डाव्या बाजूला बसून परत यायची.

ह्यांना विचारलं नव्हतं का? दहादा विचारलं. बाईनं गाडी चालवू नये वगैरे त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, गाडी कोणीच फार चालवू नये. "अगं, सायखेड्याच्या रस्त्याला धूळ किती असते," म्हणायचे. रस्त्याला धूळ नसेल तर काय गालिचा असेल? गाडीत बसायचं तर चपला काढून, हातात घेऊन. माझ्या सख्ख्या नणंदेला त्यांनी लग्नाला नेताना चपला मांडीवर धरायला लावल्या, भरजरी शालूवर. बँकेत मान खाली घालून बसणारा माणूस, घरात आवाज म्हणून नाही, पण गाडीचा विषय निघाला की ताठ.

समोर एक वकील राहायचे. मोटारींच्या नादिष्ट लोकांचं त्यांचं एक टोळकं होतं. गावाबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर ते वर्षातून एकदा शर्यत भरवायचे. सराईतांची नाही, आपल्यासारख्यांचीच. घरची गाडी आणायची, रोवलेल्या बांबूंमधून पळवायची, घड्याळ लावून. एका रविवारी हे टूथब्रशनं गाडीची पुढची जाळी घासत होते, तेव्हा वकील गच्चीवरून म्हणाले, "साहेब, ही गाडी चालतेही का हो? का नुसती धुवायचीच आहे?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसायचं की नाही? पण ह्यांना ते लागलं. संध्याकाळी जाऊन नाव देऊन आले. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या होत्या आणि अर्जात जोडीदाराचं नाव घालायचं होतं, तिथे माझं घातलं. मी म्हटलं, मी काय करायचं? म्हणाले, "तू नुसती बस."

शर्यत रविवारी. शनिवारी गाडीची तयारी काढली. वकिलांनी कागदावर लिहून दिलं होतं: गाडीतलं सुटं सामान काढा, चाकांवरच्या चकत्या काढा, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारा, टायरात हवा थोडी जास्त भरा, दारावर नंबर लिहा. यात धुवा असं कुठेही लिहिलं नव्हतं. ह्यांनी आधी धुतली. दुसऱ्या दिवशी जिला चिखलात लोळायचं तिला आदल्या दिवशी अभ्यंगस्नान. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं काढले, काचा वर्तमानपत्रानं पुसल्या, मग मेण लावलं, मग पिवळ्या फडक्यानं असं काही घासलं की त्यात बघून मी कुंकू लावलं असतं.

सामान काढायचं काम माझं. बाई बाई, काय काय निघालं त्या गाडीतून. मी विणलेले सीटचे अभ्रे, मागच्या काचेचे पडदे, डॅशबोर्डावरचा गणपती, प्लॅस्टिकची फुलं. डिकीतून स्टेपनी, जॅक, स्टोव्ह, दोन छत्र्या, पाण्याचा डबा आणि पाहुण्यांच्या चपला ठेवायला शिवलेली पिशवी. गणपतीपाशी हे अडले. "देव सुट्या सामानात येतो का?" म्हणून वकिलांना विचारायला गेले. वकील म्हणाले, चिकटवलेला असेल तर नाही. तेव्हा गणपती राहिला.

पुढच्या कप्प्यात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती. गाडीचं पुस्तक, विमा, आणि त्यांच्यात माझं लायसन. मला वाटत होतं ते माझ्या माहेरच्या ट्रंकेत आहे. उघडून बघते तर वेळच्या वेळी मुदत वाढवलेलं. ह्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सह्या करत आले होते, त्यातलीच एखादी याची असणार. अशी चिडले मी. एवढं जपून ठेवायचं, मुदत वाढवायची, आणि माणसाला सांगायचं नाही? म्हणजे मीसुद्धा गाडीचाच एक भाग, जॅकसारखी, लागलीच तर असावी म्हणून. लायसन उचललं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

दारावर नंबर लिहायचा तर मेणावर चुना धरेना. दोनदा लिहिला, दोनदा ओघळला. शेवटी कागदावर लिहून खळीनं चिकटवला. खळीचा डाग पडेल म्हणून ह्यांना धड जेवण गेलं नाही.

रविवारी मैदानावर गेलो तर दहा-बारा गाड्या होत्या, त्यांतल्या काही तर कोंबड्यांच्या खुराड्यातून काढल्यासारख्या. आमची पाहून लोक गोळा झाले. एकानं विचारलं, "नवरदेव कुठाय?" हे खूश झाले, त्यांना ती स्तुती वाटली.

शर्यत अशी होती: बांबूंच्या मधून नागमोडी पुढे जायचं, टोकाच्या पिंपाला वळसा घालायचा, आणि तिथून दुसऱ्या रांगेतल्या बांबूंमधून तसंच नागमोडी, पण मागे मागे येऊन रेघेवर थांबायचं. बांबू पडला की वेळेत भर. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं, त्याचं मध्येच एक मोठं डबकं झालेलं.

पहिल्या फेरीला ह्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं, मी शेजारी. झेंडा पडला. हे निघाले ते वरातीच्या चालीनं. डबकं आलं तशी त्यांनी गाडी बांबूंच्या बाहेर काढली, डबक्याला लांबून वळसा घातला आणि पुन्हा आत आणली. लोक हसायला लागले. मग मागे यायची वेळ आली. हे मान खिडकीबाहेर काढून बघतात, आत घेतात, पुन्हा बाहेर काढतात. एक बांबू गेला. दुसरा गेला. तिसरा दाराला करकरत घासला तशी ह्यांनी गाडी थांबवली, खिशातून पिवळं फडकं काढलं, आणि खाली उतरले. घड्याळ चालू, वकील ओरडतायत, आणि आमचे हे दारापाशी उकिडवे बसून ओरखड्यावर फुंकर घालतायत. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसू आवरेना आणि लाजही आवरेना.

कशीबशी फेरी संपली. हे म्हणाले, "आपण दुसरी नको करायला." चेहरा एवढासा झाला होता. खरं सांगते, मला त्यांची दया आली. पण दादांचीही आठवण आली, आणि वाटलं, आज नाही तर मग कधीच नाही. म्हटलं, "उतरा. मी चालवते."

"अगं, पण..."

वकील म्हणाले, "वहिनी, लायसन?" मी पर्स उघडली. लायसन पाहून हे माझ्याकडे बघतच राहिले, आणि गाडीतून उतरले.

पुढे जाण्याचं काय वर्णन करू? सहा वर्षांत रिव्हर्सखेरीज एकही गिअर टाकला नव्हता, पहिल्यातच अडकले. इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि गाडी गोगलगाय. दुसरा टाकायचा हे डबक्यापाशी आठवलं, तेव्हा हिसका बसून गाडी डबक्यात अशी घुसली की समोरची काच तपकिरी झाली. अति तिथे माती म्हणतात, ती आमच्या बॉनेटवर येऊन बसली. पिंपाला वळसा घालेपर्यंत मी घामानं भिजले होते.

आणि मग मी रिव्हर्स टाकला.

उजव्या खांद्यावरून भिंत, डाव्या खांद्यावरून गटार, दर रविवारी. बांबू म्हणजे काय, बांबूला तर आजूबाजूनं हवा असते. मी मागे वळून पाहिलं तर रेघेच्या पलीकडे हे उभे. बाकी सगळे बाजूला झालेले, हे मात्र बरोब्बर मध्ये, हात वर करून. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." सवयच ती. मी आले. एकही बांबू हलला नाही. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभरावर थांबली आणि हे म्हणाले, "बस्स."

नंबर काही आला नाही, खालून दुसरे-तिसरे असू. पण वकिलांनी कर्ण्यावरून सांगितलं की दिवसभरात मागे इतक्या झटकन कोणीच आलं नाही. टाळ्या पडल्या. ह्यांच्या हातात तोवर फडकं आलेलं.

"पुसायची नाही," मी म्हटलं. "आधी सायखेडं."

"अशी? सासुरवाडीला? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गाडी चालते."

हे डाव्या बाजूला बसले. बसताना सवयीनं चपला काढल्या. चांदोरीच्या फाट्यापर्यंत मी तिसरा टाकला, चौथा टाकला, पुढे एक उसाची बैलगाडी होती तीही मागे टाकली. हे हँडब्रेकवर हात ठेवून होते.

दादा अंगणात बाजेवर होते. आवाजाच्या रोखानं उठले, हात पुढे करून चाचपत आले आणि बॉनेटवर तळवा ठेवला. मातीची खपली त्यांच्या बोटांना लागली. "ही आमच्या जावयाची गाडी नव्हं," म्हणाले. "कोन चालवत आलंय?"

मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "तुमची पोरगी."

दादांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बसवा मला," म्हणाले, आणि चिखलानं भरलेल्या वहाणा काढायला वाकले. आमच्या गाडीचा नियम सायखेड्यापर्यंत पोहोचला होता.

ह्यांनी खाली वाकून त्यांचा हात धरला. "राहू द्या, दादा," म्हणाले. "घालूनच बसा."

सहा वर्षं मी त्या माणसावर रुसले होते, ते सगळं त्या एका वाक्यावर उतरलं. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले. दादा शेजारी, वहाणांसकट. अंगणात बैलगाडी आणि कडब्याची गंज, वळायला जागा नाही. हे न सांगता मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. "येऊ द्या, येऊ द्या." मी बांधापर्यंत मागे आले, हे बाजूला झाले, मी रस्त्यावर गाडी काढली आणि पहिला टाकला. मग दुसराही टाकला.

"जावई मागंच राह्यले की गं," दादा म्हणाले.

"राहू द्या, दादा," मी म्हटलं. "गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ. तोवर फडकं घेऊन वाट बघतील."