दोरवाल्याचा भाऊ

"माणूस वाक्य विसरत नाही गं, आधी श्वास विसरतो," मावशी एकदा म्हणाली. एवढं म्हणायला तिला ओठांत धरलेलं बटण काढून हातात घ्यावं लागलं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नाटक कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत बसायची. खोली रंगमंचामागे, जिन्याखाली. खिडकी होती, पण तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. खुंट्यांवर राजांचे झगे, शिपायांचे डगले, नोकरांचे कोट. या रिकाम्या माणसांत बसून ती उसवलेलं शिवायची. कुणी बोलायला आलं की एक बटण ओठांत धरायची आणि ते माणूस जाईपर्यंत काढायची नाही. लोकांना वाटे, शिवणाऱ्या बायांची असते तशी सवय. "एक दिवस गिळशील," आई म्हणायची. मावशी मान हलवायची. त्यातून हो की नाही ते कधी कळलं नाही.

आधी, युद्धाच्या काळात, ती त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या काठाला लाकडी झाकणाखाली एक खड्डा होता. त्यात एक स्टूल, एक छोटा दिवा आणि मावशी. कुणी अडला तर शब्द पुरवायचा, एरवी नुसते ओठ हलवत सगळ्यांच्या पुढे एक पाऊल चालायचं. प्रेमाची, भांडणाची, मरणाची सगळी वाक्यं रोज तिच्या तोंडून जात, आणि त्यातलं एकही तिला उद्देशून नसे. खड्ड्यातून तिला नटांचे बूट तेवढे नीट दिसत. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, असं विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

ओठ मात्र बाहेर आल्यावरही थांबत नसत. दुकानदार बोलू लागला की मावशीचे ओठ त्याच्याबरोबर चालायचे. मॅनेजर म्हणायचा, "बाईंसमोर थाप मारायची सोय नाही. आपण तोंड उघडायच्या आत ह्या बोलून मोकळ्या!"

शहर पडलं होतं. शत्रूचे अधिकारी पुढच्या रांगेत बसून नाटक बघत आणि चुकीच्या जागी हसत. त्याच हिवाळ्यात पडद्याचे दोर विकणारा एक माणूस कंपनीत येऊ लागला. सगळे त्याला दोरवाला म्हणत. गावोगाव फिरायचा, खांद्यावर वेटोळी, हाताला डांबराचा वास. एका दुपारी रिकाम्या थिएटरात दोर ताणून बघताना तो खड्ड्याशी वाकला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या लक्षात किती राहतं?"

"कुणाचं?"

"पुलांवरच्या तोफांचं."

मावशीने दिवा मालवला. मग म्हणाली, "कागदावर काही आणू नका. नुसतं सांगा."

तेव्हापासून तो सांगे आणि ती लक्षात ठेवी. पुढे कंपनीचा दिवेवाला तिच्याकडून ऐकून घेई, त्याच्या पुढे ती माहिती कुठे जाई ते तिला ठाऊक नव्हतं. दोरवाला खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायचा. कुणाचे तरी बूट आपल्यासाठी थांबलेत, ही गोष्ट तिच्या आयुष्यात नवी होती. अहोचं अरे कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुला धरलं तर काय सांगशील?" तिने एकदा विचारलं.

"सुचेल काहीतरी."

"सुचेल म्हणणारेच अडतात. बस इथे, तालीम करू."

मग तिने त्याला अख्खं आयुष्य लिहून दिलं, अर्थात तोंडी. आई लहानपणी गेली, बाप दोर वळायचा, मोठ्या भावाची बेकरी. ती पोलिसासारखी खेकसून प्रश्न विचारायची, तो उत्तरं द्यायचा.

"बायको?"

"तू दिली नाहीस."

"बायको असली की लोक तिला शोधायला जातात."

"एवढं मोठं नाटक लिहिलंस आणि बायकोचं काम नाही त्यात?"

"युद्ध संपल्यावर लिहीन."

"करणार कोण ते काम?"

"कंपनीत खूप मुली आहेत," मावशी म्हणाली आणि दिव्याची वात उगाच खालीवर करत राहिली.

"मला सगळं पाठ असलेलीच हवी," तो म्हणाला.

सगळं जमायचं, एका जागी सोडून. मोठा भाऊ काय करतो, असं विचारलं की त्याचा श्वास अडकायचा आणि ती ओठांनी म्हणायची, बेकरी. तो हसून म्हणायचा, बेकरी. हे रोजचंच झालं. शेवटी तिने विचारलं, नेमकं इथंच का? तेव्हा त्याने सांगितलं. त्याचा खरा भाऊ शाळेत शिकवायचा. पहिल्या बॉम्बहल्ल्यात शाळेसकट गेला.

"मग भाऊ काढून टाकू गोष्टीतून," ती म्हणाली.

"नको. असू दे. एवढा तरी असू दे."

तिने ठेवला. प्रॉम्प्टरने ठेवू नये अशी ती गोष्ट होती.

वसंतात त्याला नाक्यावर धरलं. त्याच्याकडे दोराशिवाय काहीच सापडलं नाही. पण पुलांची माहिती थिएटरातून बाहेर जाते, एवढा वास अधिकाऱ्याला लागला होता. त्याने दोरवाल्याची सगळी हकिकत लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा वदवायची, जुळली तर सोडायचं, असं ठरलं. आणि वदवताना कंपनीतल्या एकेकाला समोर खुर्चीवर बसवायचं. दोरवाल्याला सगळेच ओळखत होते, त्यात गुन्हा नव्हता. पण त्याचं घरदार कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं; ज्याला ते ठाऊक, तो त्याचा साथीदार.

एका शाळेचा वर्ग रिकामा करून कचेरी केली होती. फळ्यावर कुणीतरी काढलेलं अर्धं फूल तसंच होतं. मॅनेजर आधी बसून गेला होता आणि दाराशी घाम पुसत उभा होता. मावशीला बसवलं. समोर दोरवाला, एक डोळा सुजलेला. अधिकारी त्याच्याकडे बघतच नव्हता. तो मावशीकडे बघत होता.

"आई?"

"लहानपणी गेली."

मावशीने कोटाचं वरचं बटण मुठीत घट्ट धरलं. ओठ आवळले. नाटकांतली अख्खी माणसं तिने या ओठांवर वागवली होती, आता त्यांना गप्प बसवायचं होतं.

"बाप?"

"दोर वळायचा."

"मोठा भाऊ काय करतो?"

त्याचा श्वास अडकला. तिला तो दिसला, शब्दाच्या आधी दिसतो तसा. आणि तिचे ओठ हलले.

अधिकारी पुढे वाकला. "बाई, काय पुटपुटलात?"

दारातून मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "साहेब, त्या सगळ्यांच्याच मागे पुटपुटतात. भाजीवाल्याच्याही. काही अर्थ नसतो हो त्याला."

"ते आत्ता कळेल," अधिकारी म्हणाला. "याचं उत्तर आणि बाईंचे ओठ जुळतात का बघू. हं, बोल रे. भाऊ काय करतो?"

दोरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. बेकरी म्हटलं तर त्याची हकिकत जुळत होती. सुटला असता तो. आणि खुर्चीत ती अडकली असती. हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिलाही कळलं.

"शाळेत शिकवायचा," तो म्हणाला. अडखळला नाही. "माझा भाऊ शाळेत शिकवायचा."

"काल बेकरी म्हणाला होतास."

"काल खोटं बोललो."

अधिकारी मागे टेकला. मावशीच्या ओठांवरचा शब्द त्याला नीट वाचता आला नव्हता, पण या उत्तराशी तो मुळीच जुळत नव्हता. त्याला हवा होता तो माणूस मिळाला होता, आणि बाई नुसतीच पुटपुटणारी निघाली होती.

"जा तुम्ही," तो तिला म्हणाला.

मावशी उठली. मुठीतल्या बटणाचा दोरा केव्हाच तुटला होता. भावाबद्दल विचारायचं, अरे तू हे काय केलंस म्हणायचं, निदान त्याच्या बुटांकडे एकदा बघायचं, यातलं काहीही केलं तर त्याने आत्ता दिलेलं सगळं वाया जाणार होतं. ओठ पुन्हा हलू लागले होते. तिने बटण त्यांच्यात धरलं, दाराशी मॅनेजर बाजूला झाला, आणि एक शब्द न बोलता ती बाहेर पडली.