दोन चमचे तेलातलं इटलीचं वांगं

गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहारशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा माझी एकच इच्छा होती, की सूप निघावं. सूप बिघडलं तरी फार बिघडत नाही. माझ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं, 'इटालियन बेक्ड वांगं. हृदयरोग्यासाठी हलकं रूप.'

नियम बाईंनी फळ्यावर लिहून दिले. रोगी खरा हवा, घरातला किंवा शेजारचा. पदार्थ घरीच करायचा. सगळ्या पदार्थाला मिळून दोन चहाचे चमचे तेल. बाई रविवारी घरी येऊन चव घेणार, टीपकागद दाबून तेल बघणार, आणि रोग्याने जर्नलमध्ये स्वतःच्या हाताने मत लिहून सही करायची. या प्रॅक्टिकलमध्ये नापास झालं, की अख्खं वर्ष पुन्हा.

शेवटचा नियम मी वहीत दोनदा उतरवला. खाप्याहून मला नागपूरला पाठवताना वडील म्हणाले होते, "एकही वर्ष वाया गेलं, तर मी येऊन तुले घेऊन जाईन." ते हे अगदी हळू बोलले, आणि हळू बोललेलं ते नेहमीच करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे काकांना आणि आत्यांना उत्तरं त्यांनाच द्यावी लागत.

रोगी शोधायला लांब जायची गरज नव्हती. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत मी ज्यांच्याकडे राहत होते, ते माझे मामाच रोगी होते. आदल्या हिवाळ्यात हिंगण्याच्या कारखान्यात त्यांच्या छातीत दुखलं, आणि डॉक्टरांनी तेल-तूप तोडलं. दुसऱ्या कुणाचं तोडलं असतं तर चाललं असतं. मामा म्हणजे रोडग्यांच्या जेवणातलं मोठं नाव. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. त्यांच्यासोबत वांग्याची भाजी लागतेच, आणि त्या भाजीवर बोटभर तेल तरंगत नसेल, तर लोक यजमानाबद्दल वर्षभर बोलतात. शिफ्टमधले लोक मामांना फक्त ही भाजी करायला दूरदूर घेऊन जात.

संध्याकाळी मी भीत भीत त्यांना चिठ्ठी दाखवली.

"वांगं?" मामा म्हणाले. "मले वांगं शिकवून राहिली तू?"

"शिकवून नाई राहिली, मामा. तुमी फक्त खा अन् सही करा."

"तेल किती?"

"दोन चमचे."

"माणशी?"

"सगळ्याइले मिळून."

मामांनी आत हाक मारली. "ऐकलं काय वं? तुयी भाची मले उपाशी मारून राहिली, अन् वरून सही मागून राहिली."

"ते डॉक्टर सांगून राहिले तं ऐकत नाई," मामी आतूनच म्हणाली. "आता पोरीचं तरी ऐका जी."

मामांनी मला एक सौदा सुचवला. त्यांनी आत्ताच सही करावी, हवं ते मत लिहावं, आणि मी त्यांना मामीच्या नकळत सावजीच्या तेलकट, तिखट रश्श्याची एक प्लेट आणून द्यावी. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "कॉलेजात जाऊन पोट्टी पार बिघडली."

मूळ पदार्थ, आमच्या पुस्तकात होता तसा, मामांना नक्की आवडला असता. वांग्याच्या चकत्या भरपूर तेलात तळायच्या, टोमॅटोचा दाट रस आणि चीज यांचे थर लावायचे आणि भट्टीत भाजायचं. मी तळणं काढून टाकलं. चकत्यांना ब्रशने नावापुरतं तेल लावायचं, चीजऐवजी दह्याचा चक्का, वर चिमूटभर किसलेलं डब्यातलं चीज आणि टोस्टचा चुरा. चकत्यांना मीठ लावून ठेवलं आणि पाणी सुटलं, तेव्हा मामी म्हणाली, "बिचाऱ्या वांग्यालेही घाम फुटला." पुस्तकात तुळशीच्या जातीचं कुठलंसं पान सांगितलं होतं. रविवारी तुळस तोडत नाहीत, त्यामुळे मी कोथिंबीर घेतली.

भाजायला कॉलेजने मुलींना आळीपाळीने द्यायचा एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन दिला होता. झाकणाला काच होती, आणि ओल्या हाताने शिवलं की झिणझिण्या येत. पहिल्या रविवारी तो बरा चालला. मी टिन बाहेर काढून ओट्यावर ठेवलं, दहा मिनिटं मुरू द्यायचं म्हणून, आणि बाईंना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. आमच्याकडची घरं तेव्हा इतकी सारखी होती, की नवा माणूस हमखास दुसऱ्याच घरात शिरे.

बाईंना घेऊन आले, तेव्हा टिनच्या एका बाजूला कोथिंबिरीची एक काडी खोवलेली दिसली. मला वाटलं, मामीने सजावट केली. बरंच वाटलं.

मामीने वाढलं. काडीच्या बाजूचं बाईंना, दुसऱ्या बाजूचं मामांना. बाई पर्समधून टीपकागद काढत होत्या, तेवढ्यात मामांनी खायला सुरुवातही केली. पाहुण्याच्या आधी घास घेणारे ते नव्हते. बाईंनी मामांच्या ताटाकडे पाहिलं, पण ते उष्टं झालेलं, त्यामुळे स्वतःच्याच वाढलेल्या तुकड्यावर कागद दाबला. कागद टोमॅटोच्या पाण्याने ओला झाला, तेलाचा ठिपका जवळजवळ नव्हताच. त्यांनी घास घेतला, हळूहळू चावला.

"जरा कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "पण हृदयरोग्याला हेच योग्य. तुम्हाला कसं वाटलं?"

"बाई," मामा ताट पुसत म्हणाले, "असं असन तं मी जिंदगीभर असंच खाईन."

असा रोगी बाईंनी त्या वर्षी बहुतेक पाहिला नसावा. त्या इतक्या खूश झाल्या, की मामांनी जर्नलमध्ये 'अत्युत्तम' लिहून सही केल्यावर त्याखाली त्यांनी स्वतःही शेरा लिहिला. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले, आणि परत येताना अर्ध्या वाटेत चक्क धावले.

घरात मामी टिनपाशी उभी होती. काडीच्या बाजूला उरलेला तुकडा तिने तोंडात घातला, आणि थांबली.

"हे तं कोरडं हाय," ती म्हणाली.

"कोरडंच असते, मामी. दोन चमचे तेल."

"नाई वं. पाहुण्याची बाजू हाय ही." तिने दुसऱ्या बाजूचा तुकडा उचलला. त्याखालून लालभडक तेल टिनमध्ये पसरलं. मामीने मान वळवून मामांकडे पाहिलं. मामांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं होतं. आदल्या दिवशीचं.

मग सगळं एकेक करून बाहेर आलं. कॉलेजच्या बाई पहिल्यांदा घरी येणार आणि त्यांच्यासमोर कोरडं वांगं ठेवायचं, हे मामीला सहन झालं नव्हतं. मी कोपऱ्यावर गेल्यावर तिने लाल मिरचीची फोडणी केली आणि थर उचलून अर्ध्या भागात ओतली. रोग्याचा अर्धा भाग तिने नियमाप्रमाणे कोरडाच ठेवला. ओळखू यावं म्हणून पाहुण्याच्या बाजूला काडी खोवली. ती पाट मांडायला वळली, तेवढ्यात मामांनी ती काडी उचलून दुसरीकडे लावली.

"तुमाले लाज नाई वाटत जी?" मामी म्हणाली.

"मी तं पोरीले वाचवलं," मामा म्हणाले. "बाईले तेलाचं वाढलं असतं तं नापास झाली असती का नाई? इचार त्या कागदाले."

यात खोटं काहीच नव्हतं. हीच तर अडचण होती. मी पास होते, कारण मामांनी चोरी केली. जर्नलमध्ये लिहिलं होतं, की रोग्याने दोन चमचे तेलातलं वांगं आवडीने खाल्लं; रोग्याने निदान अर्धी वाटी तेल प्यायलं होतं. मामी म्हणाली, "कोणाले सांगू नको वं. मायं नाव येईन." मामा म्हणाले, "अन् तुया बापाले काय सांगशील?"

सोमवारी मी स्टाफरूमच्या दारात तीनदा जाऊन तीनदा परतले. चौथ्यांदा बाईंनीच आत बोलावलं. मी मामीचं नाव घ्यायचं टाळायचा प्रयत्न केला, 'कुणीतरी फोडणी घातली' असं म्हटलं, पण घरात तीनच माणसं, त्यातलं एक मी. बाई ऐकत होत्या. कोथिंबिरीच्या काडीपाशी आल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"शेरा मी खोडते," त्या शेवटी म्हणाल्या. "येत्या रविवारी पुन्हा करशील. बिघडलं, तर मात्र मला काही करता येणार नाही. तेल मी घेऊन येईन."

मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मामांना पहिल्यांदा परिस्थितीचं गांभीर्य कळलं. आता बाई समोर बसणार, आणि कोरडं वांगं त्यांनाच खावं लागणार. शनिवारी संध्याकाळी मी चकत्या करायला बसले, तर ते पाटावर येऊन बसले.

"काहून चिरते? वांग्याले पयले विस्तव तं पाहू दे. तेल नाई तं जाळ पाहिजे. काहीतरी पाहिजे ना बाप्पा."

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात जाळाबद्दल काही नव्हतं, आणि जाळ लावू नये असंही नव्हतं.

रविवारी मामांनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या. बाई आल्या, पर्समधून औषधाच्या छोट्या बाटलीतलं तेल काढलं, दोन चमचे मोजून माझ्या हातात दिलं, आणि मामीला म्हणाल्या, "तुमचा तेलाचा डबा तेवढा माझ्या खुर्चीखाली आणून ठेवता?" मामीने मान खाली घालून ठेवला. मग बाई साडीचा पदर नाकाला लावून अंगणातल्या त्याच खुर्चीत धुरात बसल्या.

मामांनी अख्खी वांगी निखाऱ्यांवर फिरवली, साल काळी पडेपर्यंत, आतून पूर्ण शिजायच्या आधी काढली. टोमॅटो, लसणाचा गड्डा आणि हिरव्या मिरच्याही तिथेच भाजल्या. मी साल काढून लांब काप केले. ते तुटले नाहीत, याचं मलाच नवल वाटलं. बाईंच्या दोन चमच्यांतला एक मी टिनला आतून लावला, दुसरा टोस्टच्या चुऱ्यात मिसळला. थर लावले, ओव्हनमध्ये ठेवलं, झाकण लावलं आणि लाइन गेली.

मी काचेतून आत बघत बसले. ओव्हनमध्ये काहीच होत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं आहे असं दाखवायला मी अंगणात गेले.

"लाइन गेली, मामा."

"मंग? रोडगे काय लाइनवर भाजतात?"

त्यांनी निखारे पसरून त्यांवर टिन ठेवलं, टिनवर पितळेची परात उलटी घातली आणि परातीवरही निखारे टाकले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. किती वेळ ठेवायचं विचारलं, तर मामा म्हणाले, "वास सांगन."

वासाने सांगितलं. परात उचलली, तेव्हा वरचा चुरा तांबूस झाला होता, चीज कडेने थोडं करपलं होतं. बाईंनी या वेळी आधी मामांच्या ताटातल्या तुकड्यावर कागद दाबला, मग स्वतःच्या, मग मामीच्याही. तिन्ही कागद उजेडात धरून पाहिले, आणि म्हणाल्या, "घ्या."

मामांनी घास घेतला. मी त्यांच्या जबड्याकडे पाहत होते. इतक्या जवळून मी त्यांना जेवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि कुणाकडे न बघता ताट पुढे सरकवलं.

"अजून हाय काय?"

मामीने वाढलं. बाईंनीही थोडं मागून घेतलं.

जर्नल मामांपुढे ठेवलं, तर त्यांनी पेन हातात धरून खूप वेळ विचार केला. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वांगं चांगलं झालं. मिरची कमी पडली. तेलाची आठवण येते, पण हे खाता येते.' आणि सही केली. बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि खाली आकडा लिहिला. पहिल्या रविवारचे गुण कापले होते. स्वतःच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते ठाऊक नसल्याबद्दल आणखी तीन कापले, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. तरीही मी पास होते.

त्याच दुपारी मी वडिलांना कार्ड लिहायला बसले. 'प्रॅक्टिकल झालं. पास आहे. वर्ष वाया जाणार नाही.' मामा माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"मायं नाव नाई लिवलं?"

मी थोडा विचार केला आणि खाली लिहिलं, 'मामांनी मदत केली.'

"कोणच्या रविवारी," मामी ताटं घासता घासता म्हणाली, "तेही लिही."