जवारी आणि पस्तीस मिलीअँपिअर

"पोरी, ट्यूबा डुप्लिकेट दिल्यास तू मला!"

सरांनी अँप्लिफायर काउंटरवर ठेवला आणि पहिलं वाक्य हेच. देवगावकर सर आमचं जुनं गिऱ्हाईक, समर्थनगरात गाणं शिकवतात. मी औरंगपुऱ्यात रफीकभाईंच्या दुकानात ऑडिओ रिपेअरिंग करते. सरांच्या ट्यूबवाल्या अँपमधी, म्हणजे जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या, मागच्याच महिन्यात मी ट्यूबची नवी जोडी टाकली होती.

"काय झालं सर?"

"जवारी गेली. सगळ्या रेकॉर्डमधून. तानपुरा नुसता टुंग टुंग वाजतोय."

जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो बारीक झणझणाट. तारेखाली सुती दोरा सरकवून ती खुलवतात.

अँप चालू केला आणि लगेच बंद केला! एका ट्यूबच्या आतली प्लेट लालभडक.

"सर, मागच्या स्क्रूला हात लावला का?"

"थोडासा. म्हटलं आवाज उघडंल."

रफीकभाई आतून ओरडले, "सर, वो बायस है, रेडियो का बटन नहीं!"

तर बायस काय ते सांगते. गाणं वाजत नसतानापण ट्यूबमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. किती, ते ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, मायनस व्होल्टेज देऊन ठरतं. करंट कमी पडला तर आवाज चरचरतो, जास्त झाला तर ट्यूब जळते. आमच्यात याला फिक्स्ड बायस म्हणतात. नाव फिक्स्ड, आणि दर नव्या ट्यूबला तो हातानंच लावावा लागतो!

"म्हणजे जवारीच की," सर म्हणले. "दोरा केसभर सरकला की संपलं."

लई आवडलं मला ते.

परत नवी जोडी टाकली. आत चारशेच्या वर व्होल्ट, म्हणून एकाच हातानं काम करायचं, दुसरा खिशात, नायतर शॉक छातीतून जातो. माझ्या कुर्त्याला खिसा नाय, मी पाठीमागं धरते. स्क्रू जरासा फिरवायचा, थांबायचं. ट्यूब तापते तसा मीटरवरचा आकडा सरकतो. एक लावली की दुसरी हलते. शेवटी दोन्ही पस्तीस मिलीअँपिअरवर थांबल्या.

सरांचीच रेकॉर्ड लावली. अशी झणझणली जवारी, माझ्या अंगावर काटा! रफीकभाईंनी मान हलवली.

सर म्हणले, "नाय. अजून वाढव."

"सर, जळंल."

मला वाटलं सरांच्या बाजूचा स्पीकर गेला असंल. म्हणून टेस्ट टोन लावला, म्हणजे एका सुराची शिट्टी, सूर हळूहळू वर चढवत न्यायचा. हजार हर्ट्झला सर म्हणले, "आला." तीन हजारला स्पीकरला कान लावला. पाच हजारला चहावाला दारातूनच ओरडला, "अरे दीदी, बंद करो ना, कान फटरे!"

सर स्पीकरकडं बघत होते. "लावलास का?"

मी टोन बंद केला. तेपण सरांना कानानं कळलं नाय, चहावाल्याच्या तोंडाकडं बघून कळलं.

"अँप ठीक है सर," रफीकभाई लई हळू बोलले.

सर स्टुलावर बसले. चहा तसाच. मग म्हणले, "माझी शिष्या रेवती, तिला मी दोनदा तानपुरा मिरजेला कारागिराकडं पाठवायला लावला. जवारी नाय म्हणून. तिसऱ्यांदा क्लासमधी सगळ्यांसमोर बोललो, तुला कानच नाय. तेव्हापासून आली नाय ती."

मी मीटरच्या वायरी गुंडाळत बसले.

उठताना त्यांनी विचारलं, "फिक्स झालं ना?"

"झालं सर."

"मग राहू दे तसंच." अँप काउंटरवरच ठेवून सर निघाले.

कानाच्या डॉक्टरनी त्यांना मशीन दिलं. त्यातून जवारी येते म्हणले फोनवर, पण पत्र्यावर नख ओढल्यासारखी. क्लास बंद केलाय. रेवतीला फोन केला होता, तिनं उचलला नाय. अँप न्यायला सर आलेच नाहीत, शेल्फवर पडलाय. मधी एकदा चालू करून मीटर लावला. पस्तीस. हलला नाय.

आता कुणी "आवाज दबलाय" म्हणत आलं की मी स्क्रूड्रायव्हर नंतर उचलते. आधी विचारते, घरात बाकीच्यांना कसा ऐकू येतो?