माझ्या माफीनाम्यातलं इंग्रजी

मॅडमनी माझी वही चिमटीत धरली होती. दोन बोटांत. नववी अ, तिसरा तास, इंग्रजी.

"हे कोणी लिहून दिलं?"

मी उभी राहिले. "मीच लिवलं मॅडम."

"खरं सांग."

"खरंच मीच लिवलं."

निबंधाचा विषय होता, मला आदर वाटणारी व्यक्ती. गृहपाठ होता. मी मायवर लिहिला होता. माय अकोल्यातल्या आमच्याच शाळेत पोषण आहार शिजवायची. आठवीपर्यंतची पोरं तिच्या हातची खिचडी खायची आणि मला 'खिचडी' म्हणायची.

"तुझ्या घरी इंग्रजी कोणाला येतं?"

"कोनालेच नाही."

वर्ग हसला. त्या 'कोनालेच'ला हसला. मॅडमही हसल्या. "आधी मराठी तर नीट बोल. इथं डिग्निटी लिहिलंयस. सांग स्पेलिंग."

मला येत होतं. अक्षरं डोळ्यांपुढे सरळ रांगेत उभी होती. पण सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता. कोणीतरी हळूच 'खिचडी' म्हणालं. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. एक अक्षर निघालं नाही.

मॅडमना तेवढंच हवं होतं. वही बाकावर आदळली. निबंधावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. खाली एक शब्द. कॉपीड.

त्याच तासाला श्रेयाला 'व्हेरी गुड' मिळालं. श्रेयाचे वडील शाळेच्या कमिटीवर. तिचा निबंध आणि आणखी पाच जणांचा निबंध एकच होता. पहिलं वाक्य तेच, शेवटचं तेच. सगळे एकाच ट्यूशनचे. ती ट्यूशन मॅडमच घ्यायच्या.

सातवीत मी लिहिलं होतं, 'माय मदर इज कुक खिचडी.' तेव्हाही याच मॅडम. त्यांनी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वर्गाला म्हणाल्या, चुका शोधा. तासभर ते फळ्यावर होतं. त्या दिवसापासून मी इंग्रजीच्या मागे लागले. लायब्ररीतली पानं सुटलेली डिक्शनरी घ्यायची आणि सुट्टीत किचनशेडच्या मागे जाऊन बसायचं. माय राखेनं खिचडीचे गंज, मोठमोठी पातेली घासायची, मी शब्द घोकायची. ती मधेच विचारायची, "आज कोनता नवा?" मी सांगायची. तिला उच्चार जमायचा नाही. दोघी हसायचो.

दोन वर्षं. आणि आता हे.

चुकलं तर हसतात. बरोबर आलं तर चोर. मला उभं राहायला तिसरी जागाच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "उद्या माफीनामा आणायचा. इंग्रजीत. आईची सही पाहिजे. नाहीतर अंतर्गत गुण शून्य, आणि हेडसरांकडे जाईल."

एवढ्यावर थांबल्या नाहीत. सुट्टीत स्वतः शेडपाशी गेल्या. मी नळावर होते. मला सगळं ऐकू येत होतं. इतर बायांसमोर त्या मायला म्हणाल्या, "बाई, तुमची मुलगी चोरी करते. दुसऱ्याचा निबंध स्वतःचा म्हणून देते."

माय उठली. हातात खिचडी ढवळायचा सराटा होता, तो खाली ठेवला. खिचडीनं बरबटलेले हात पदराला पुसले आणि जोडले.

"माफ करा मॅडम. लेकरू हाये."

मला काही विचारलं नाही. चोरी केली का, नाही केली, काहीच नाही. मी नळ तसाच सोडून वर्गात गेले. संध्याकाळी घरी मी तिच्याशी बोलेना.

तीच म्हणाली, "लिवून दे माफी. मी सही करतो."

"मी चोरी नाही केली माय."

"मले मालूम हाये."

"मंग हात काहून जोडले?"

चुलीत काटकी सारत ती म्हणाली, "तुले तिथंच शिकाचं हाये. मले तिथंच शिजवाचं हाये. अजून काय करू?"

मी माफीनामा लिहिला. मी निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला, मला लाज वाटते, पुन्हा असं करणार नाही. सगळं इंग्रजीत. एक चूक नाही. मायनं खाली सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर थांबून थांबून. पेन उचललं की जीभ दातांत धरायची.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो कागद वाचला. पूर्ण वाचला. एका ठिकाणी मान डोलावली. "छान. आता कसं खरं लिहिलंस," म्हणाल्या आणि लाल पेनानं बरोबरची खूण केली.

मी बघतच राहिले. तेच इंग्रजी. तोच हात. निबंधात तसंच वाक्य आलं तेव्हा ते चोरीचं होतं. मी चोर आहे असं त्याच इंग्रजीत लिहिलं, तर ते माझं झालं. स्पेलिंग विचारलं नाही. घरी इंग्रजी कोणाला येतं, विचारलं नाही.

आता जीभ सुटली.

"मॅडम, हे कोनं लिवून देल्लं ते नाही विचारलं तुमी?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावता लावता वर पाहिलं.

"काय?"

"निबंध मले लिवता येत नाही म्हनता. मंग हा माफीनामा कसा आला लिवता? हा बी मीच लिवला. तो बी मीच लिवला."

"खाली बस."

मी बसले नाही. टेबलापाशी गेले, कागद उचलला. मायची सही होती तेवढी पट्टी फाडून मुठीत धरली. बाकीचा कागद चार तुकडे करून टेबलावर ठेवला. आणि डी पासून वाय पर्यंत डिग्निटीचं स्पेलिंग सांगितलं. मोठ्यानं. मग स्वतःच वर्गाबाहेर गेले.

मॅडमनी मला परत आत घेतलं नाही. नववी संपेपर्यंत इंग्रजीचा तास मी व्हरांड्यात काढला. खिडकीखाली बसून ऐकायची. अंतर्गत गुण शून्य. पास झाले ते लेखी पेपरावर. नव्या सत्रात पोषण आहाराचं काम मायच्या बचत गटाकडून दुसऱ्या गटाला गेलं. कारण वेगळं सांगितलं. खरं काय होतं, ते मायला कळलं आणि मलाही.

माय आता लग्नकार्यात पोळ्या लाटायला जाते, बोलावलं तर. त्यावरून ती मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "एवढं कराचं व्हतं त मले आधी सांगतीस. मी हात नसते जोडले."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. खरंच, मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्या चुलीचा निर्णय मी एकटीनं घेतला होता.

मी आता अमरावतीला कॉलेजात आहे. विषय इंग्रजीच. इथं आडनावावरून जात कळली की काही जणांचा आवाज बदलतो. इथंही पहिल्याच निबंधाला एका सरांनी वर पाहून विचारलं, "कुठून घेतलं हे?"

"माह्या डोक्यातून," म्हटलं. मुद्दाम वऱ्हाडीत.

यांना काय उत्तर द्यायचं, हे मी आणि मायनं आता बसून ठरवलं आहे. असा माफीचा कागद पुन्हा समोर आला तर पुन्हा फाडायचा. कॉलेज गेलं तरी. तिचं उरलंसुरलं काम गेलं तरी. आता हे दोघींचं आहे.