ओपा बेर्तीच्या माडाचं रोप

आमच्या गावात लग्नाला मुलगी मिळते, मुलगा मिळतो, पाद्रीबाबाही वेळेवर मिळतात. अडतं ते ओमा आन्चेच्या रोपापाशी. चर्चमधून परत आल्यावर नवरा-नवरीनं घरापुढं माडाचं एकेक रोप लावायचं, ही इथली रीत. पहिलं नवं पान ज्याच्या रोपाला येईल, त्याचं घरात चालतं म्हणतात. त्यामुळं नवरे चोरून आपल्या रोपाला पाणी घालतात आणि बायका त्याहून चोरून राख. आणि ही रोपं द्यायची ती ओमा आन्चेनं, म्हणजे आन्चे आजीनं. तिच्या मागीलदारी वाळूत आडवे निजवलेले नारळ असतात, शेंडीकडून हिरवे कोंब वर काढून बसलेले. दुसऱ्या कुणाचं रोप लावलंत तरी मरत नाही, पण गाव वर्षभर विचारत राहतं, "का हो, ओमानं नाही म्हटलं वाटतं?"

मी लीन. तिच्या कुंपणाला लागून माझी केळी तळायची टपरी आहे. मनाडोला जाणारी गाडी माझ्याच दारात थांबते, तेव्हा गावातलं बोलणं आधी माझ्या कढईवरून जातं आणि मग पुढं.

ओमा रोप देण्याआधी मुलाला समोर बसवून तपासते. "पितोस का? किती? खरं सांग, तुझा बाप किती प्यायचा ते मला ठाऊक आहे." मुलीला विचारते, "सासू कशी आहे? घाबरू नकोस, ती इथं नाहीये." पटलं तर उठते, वाळूत हात घालून नारळ हलवून बघते आणि एक काढून देते. नाही पटलं तर "पुढच्या महिन्यात ये" म्हणते. असे पुढच्या महिन्यात यायला सांगितलेले दोघेजण पुढं आपसूकच वेगळे झाले, त्यामुळं तिचा दरारा आणखीच वाढला.

ही सगळी रोपं तिच्या स्वतःच्या माडाची. तिच्या घरापुढं दोन माड होते, तिच्या लग्नातले. तिचा सरळ, भरघोस, सुकं खोबरं करून घर चाललं असा. शेजारचा ओपा बेर्तीचा, म्हणजे बेर्ती आजोबांचा, तिच्या नवऱ्याचा. तो नारळ बेर्तीनं उत्तरेकडच्या सांगिर बेटांवरून होडीतून आणला होता. देठ तांबूस, फळ लांबट. असा वाण तेव्हा गावात दुसरा नव्हता. माड मालकासारखाच. वाकडा, आळशी, मनात आलं तर चार नारळ धरायचा. बेर्ती मासे धरायला जायचा आणि होडीत झोपून यायचा. पण गाणं असं म्हणायचा की चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका फुलं माळून यायच्या. आणि हाताचा इतका मोकळा, की हातातला मासासुद्धा वाटेत देऊन घरी शेपटी घेऊन यायचा. ओमानं त्याला जन्मभर बोल लावले आणि तो गेल्यावर वर्षभर जेवताना त्याचं ताट मांडलं.

बेर्तीच्या माडाचं रोप मात्र तिनं कुणालाही दिलं नाही. "तो वाण घरचा. केझियाच्या लग्नात निघेल," म्हणायची. केझिया तिची एकुलती नात. आई-बाप दूर कामाला, पोरगी ओमानंच वाढवलेली.

मागच्या साली बेर्तीच्या माडावर वीज पडली. शेंडा जळाला आणि माड मेला. त्याआधी पडलेले थोडे नारळ ओमानं वाळूत ठेवले होते. रोज त्यांच्याशी बोलायची. "ऊठ रे, जन्मभर लोळलास, आता तरी ऊठ." बाकीचे कुजले. एकच उठला, तांबूस कोंब काढून. तो तिनं फुटक्या बादलीत वाळू भरून सगळ्यांपासून वेगळा ठेवला, बाकड्याशेजारी. बाकडंही बेर्तीच्याच माडाच्या खोडाचं केलेलं.

केझियाचं जमलं ते रिवोशी. मुलगा डोंगरातला, तोमोहोनचा. घरी कोबी आणि फुलांची शेती. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला इथं आला आणि इथलाच झाला. ओमानं त्याला तीनदा तपासलं आणि शेवटी म्हणाली, "मुलगा बरा आहे. खातो फार. पण काम करतो."

खातो फार, हे तिनं स्वतःच म्हटलं होतं. ध्यानात ठेवायला हवं होतं.

लग्न पंधरवड्यावर आलं. रिवो मांडवाच्या स्वयंपाकासाठी लाकडं फोडायला आला. ओमा चर्चमध्ये, केझिया झग्याच्या मापाला मनाडोला. दुपारपर्यंत पोरगा घामाघूम झाला. बाकड्यावर बसला, शेजारी बघतो तर बादलीत मोड आलेला नारळ. नारळाला कोंब फुटला की आत पाण्याच्या जागी पांढरा, मऊ, गोड गोळा धरतो. आम्ही त्याला तोंबोंग म्हणतो. इथल्या पोरांना त्याचं कौतुक नाही, पण डोंगरातल्या माणसाला ती मिठाई. त्याला वाटलं, मागं शेकडो नारळ वाळूत आहेत आणि हा एकच बाजूला काढून बाकड्याशी ठेवलाय, म्हणजे दमलेल्या माणसासाठीच ठेवलाय. कोयता हातात होताच.

ओमा आली तेव्हा मी कुंपणाशी केळीची सालं टाकत होते. रिवो हसत उभा राहिला. त्यानं ताटलीवरचं केळीचं पान उचललं.

"ओमा, तुमच्यासाठी अर्धा ठेवलाय. असला गोड तोंबोंग मी जन्मात खाल्ला नव्हता!"

ओमानं ताटलीकडं बघितलं. मग बादलीकडं. मग तांबूस कोंबाकडं, जो लाकडांच्या ढिगावर पडला होता. तो कोंब उचलून ती बाकड्यावर बसली. 

"गोड होता?" तिनं विचारलं.

"फार, ओमा."

"मेल्या!" आणि मग जे सुरू झालं ते बंदरापर्यंत ऐकू गेलं. "डोंगरातल्या रानडुकरा! माझा नवरा खाल्लास तू! आणि वर त्याच्याच अंगावर बसून खाल्लास!"

बिचाऱ्या रिवोला माणूस खाल्ल्याचा आरोप कळायलाच थोडा वेळ गेला. कळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी केझिया आली, तोवर लग्न मोडलं होतं. "या घरातून लग्न निघणार नाही. बेर्तीच्या रोपाशिवाय मी उंबरा ओलांडू देणार नाही," ओमानं जाहीर केलं.

"ओमा, नवरा हवा की नारळ?" केझिया रडत म्हणाली.

"नवरे तोमोहोनात पोत्यानं मिळतात. हा नारळ कुठं मिळेल सांग!"

कुठं मिळेल ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण? शेवटी मीच तोंड उघडलं. कुंपणावरून म्हटलं, "ओमा, ओमा फीनच्या अंगणात..."

खराटा माझ्या कानाजवळून गेला.

ओमा फीन गावाच्या खालच्या टोकाला राहते. तिच्या लग्नाच्या वेळी ओमा आन्चेनं तिला रोप दिलं नव्हतं. कारण उघड होतं. बेर्ती चर्चमध्ये गायचा तेव्हा फीनचा आवाज त्याच्या आवाजाशी फार छान जुळायचा. फीन रडत गेली. दुसऱ्या दिवशी बेर्तीनं आपल्या माडाचा एक मोड आलेला नारळ टोपीत लपवून तिला नेऊन दिला. टोपीत नारळ लपतो थोडाच? तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडं, एक उजवीकडं. फीनचं अंगण म्हणजे तर आन्चेच्या तोंडची म्हण. कुणी पोरगी आळस करताना दिसली की म्हणते, "अगं, अंगण झाड की. फीनसारखी लोळतेस काय? तिच्या घरी पडलेला नारळ उचलायलाही कुणी उठत नाही. गवत उगवावं तसे माड उगवतात अंगणात."

सकाळी रिवो स्वतःच फीनकडं गेला. कुणाला विचारलं नाही, न्याहारीही केली नाही. त्यावरूनच मला कळलं, पोरगा केझियावर खरंच जीव टाकतो. तासाभरानं रिकाम्या हातानं परतला आणि माझ्या टपरीवर बसला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रोप आहे. तांबडंच आहे. पण जिला हवंय तिनं स्वतः यावं. आणि मागच्या वाटेनं नाही, पुढच्या फाटकानं."

मी निरोप पोचवला, यावेळी खराट्यापासून लांब उभी राहून.  दोन दिवस ओमानं वाळूतल्या नारळांना नुसतंच पाणी घातलं, त्यांना एकदाही ओरडली नाही. केझिया एका खोलीत, ही दुसऱ्या खोलीत. मांडवाचे बांबू अंगणात आडवे पडलेले. खरं सांगते, मला तिचा राग आला होता. म्हातारीच्या हट्टापायी पोरीचं आयुष्य अडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती चर्चचा काळा झगा घालून माझ्या दारात आली. "लीन, कढई उतरव. चल माझ्याबरोबर. आणि तोंड बंद ठेव."

फीनच्या फाटकाला कडी नव्हती, सुंभाची दोरी होती. आन्चेनं ती सोडली, आत आल्यावर नीट पुन्हा बांधली. अंगणात गुडघ्याएवढं गवत. कोंबड्या. आणि मधे बेर्तीचा माड. तसाच वाकडा, तसाच लांबट फळांचा, जणू समुद्राकडं बघत उभा. आन्चे त्याच्यापाशी थांबली. खोडावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

"रडायला आलीस की रोप न्यायला?" पायरीवर बसलेली फीन म्हणाली.

"दोन्ही. कुठाय?"

"तिथं. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली."

गवतात, एका जुन्या चपलेला मुळांनी मिठी मारून ते उभं होतं. माझ्या कमरेएवढं. रुंद पानं, जाड बुंधा, देठ तांबूस. इतकं तकतकीत रोप ओमा आन्चेच्या वाळूत मी कधी बघितलं नव्हतं. आन्चे वाकली, पान उलटून बघितलं, बुंधा दाबून बघितला. तिला दोष सापडेना, आणि त्याचंच तिला जास्त दुःख होत होतं.

"पाणी कधी घालतेस?"

"पाऊस पडतो की."

"राख?"

"कसली राख?"

"वाळूत ठेवला होतास? शेंडीकडची साल तासली होतीस?"

"पडला तिथंच पडलेला राहिला. मी आळशी ना. तूच सांगत फिरतेस."

मी तोंडावर हात धरला. ओमानं माझ्याकडं न बघताच म्हटलं, "लीन, हसू नकोस."

फीन पायरीवरून उठली, काठी टेकत जवळ आली. आवाज खाली आला होता. "त्या दिवशी मी तुझ्या कुंपणाशी उभी होते, आन्चे. मुद्दाम केस धुऊन आले होते. तू म्हणालीस, रोपं संपली. आणि तुझ्या पाठीमागं मला रांग दिसत होती रोपांची."

आन्चेनं हातातलं पान सोडलं.

"संपली नव्हती," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मला वाटायचं, तो तुझ्याकडं बघतो."

"बघायचाच. तो पाद्रीबाबांच्या डुकरीकडंसुद्धा प्रेमानं बघायचा. पण गाणं संपलं की घरी कुणाकडं पळायचा? रोप दिलं तेव्हा काय म्हणाला माहितेय? 'आन्चेला राग आलाय, तो उतरला की ती स्वतः दुसरं घेऊन येईल. तोवर हे लाव.' मी दुसऱ्यासाठी शेजारी जागा ठेवली होती." फीननं काठीनं दाखवलं. वाकड्या माडाशेजारी खरंच एक मोकळी जागा होती. अख्ख्या अंगणात तेवढीच, गवत उपटून साफ ठेवलेली.

मी आता हसत नव्हते.

"हे रोप ने," फीन म्हणाली. "पण मला माझं दे. तेव्हाचं. तुझ्या माडाचं."

"अगं, तुझं वय बघ! त्याला नारळ धरायला सहा-सात वर्षं लागतील."

"मग जगावं लागेल तेवढं. तुझ्या नाकावर टिच्चून."

लग्न ठरल्या दिवशी झालं. रिवोनं फीनच्या अंगणातलं ते रोप चपलेसकट खणून आणलं, कारण मुळं चप्पल सोडायला तयार नव्हती, आणि तसंच चपलेसकट ते केझियानं लावलं. सगळे म्हणाले, आता घरात केझियाचंच चालणार आणि तेही चपलेच्या जोरावर. रिवोनं मान डोलावली. पंक्तीत तोंबोंग वाढला, तेव्हा त्यानं ताटावर आडवा हात धरला. ओमा आन्चेनं तो हात बाजूला केला आणि दोन गोळे वाढले. "खा. तू खाल्ला नसतास तर मी त्या फाटकातून मेले तरी गेले नसते."

आपल्या माडाचं सगळ्यात चांगलं रोप ओमानं स्वतः नेऊन फीनच्या अंगणात लावलं. खड्डा पुरेसा खोल नाही म्हणून फीनला बोलली, मग तिच्या हातून कुदळ घेऊन स्वतः खणला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती खालच्या टोकाला जाते. "त्या आळशीवर भरवसा नाही, रोपाला पाणी घालायचंय," म्हणते. वाटेत माझ्याकडून तळलेली केळी घेते, दोघींपुरती. रोज पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात त्या रोपाला पाणी कशाला लागतं, हे अजून कुणी तिला विचारलेलं नाही.